तांबड्या कुत्र्याचं तोंड

प्रिय ब्ली,

थोरल्या भावाला 'ब्ली' म्हणून हाक मारायची जिभेची सवयच गेली बघ. बाली सोडून सुलावेसी बेटावर गेलास त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. बाबांच्या दहनालाही आला नाहीस. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं दिसेल, हसू नकोस. जाड मार्करने लिहितेय आणि ओळ कुठे संपली ते बोटाने चाचपतेय. माझी मुलगी आर्यनी लिहून देते म्हणाली होती. तिला सांगितलं, माझ्या भावाला मी लिहिणार, तुझं काय काम?

डोळे पुरते गेलेत असं नाही, मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं, भिंत, पायरी, केळीचं पान. सरळ ज्याच्याकडे बघावं त्याच्या मधोमध मात्र काळा डाग येतो. नवरा गेल्यापासून घरात एकटीच, म्हणून आर्यनीने कुत्रा पाळायचा घाट घातला, आणि मग काय, जो तो कुत्र्यांतला जाणकार झाला. जावयाला लॅब्रॅडॉर हवा होता. म्हटलं, बाबा रे, मांजर दिसलं की तो मला ओढत समुद्रापर्यंत नेईल! शेजारची सुलात्री म्हणाली, 'मांडीवर मावेल असं छोटंसं घे ना.' छोटं पायात येतं; मी पडेन आणि ते चेंगरेल. काळं तर नकोच, आपलं अंगण काळ्या दगडाचं, त्यावर झोपलेलं मला दिसायचं नाही. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, पांढरा, झुबकेदार, आपल्या डोंगरातल्या किंतामणी जातीचा घ्यायचा. अंगणात उठून दिसेल, आणि हात खाली सोडला की त्याची पाठ लागेल.

म्हणून आम्ही वर डोंगरात पिल्लं बघायला गेलो. एक पांढरं पिल्लू माझ्या मांडीवर दिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडलेच. तोंड काळंकुट्ट! आर्यनी म्हणाली, 'अगं आई, नाकाचा शेंडा सोडला तर दुधासारखं आहे ते.' खरं होतं तिचं, डाग माझ्या डोळ्यातला. पण ब्ली, तेव्हापासून मला दिसणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं तोंड काळं आहे. रस्त्यावरची, देवळाच्या पायरीवरची, सगळी तुझ्या त्या बारक कुत्र्यासारखी माझ्याकडे बघत असतात. मान वळवून कडेने बघावं तर रंग एकमेकांत मिसळतात, तांबडं कुठे संपलं ते कळत नाही. मला भीती वाटते. भरदिवसा, बाजारात, भाजी घेताना वाटते. ते पिल्लू मी परत दिलं. सांगितलं, केस फार आहेत, गोचीड झाली तर बोटांना सापडायची नाही. तेही काही खोटं नव्हतं.

बारक आठवतो का, असं तुला विचारणंच मूर्खपणाचं. अंगाने तांबडा, तोंडाने काळा. चौकातल्या मोठ्या विधीला बळी म्हणून नेमका तसाच कुत्रा लागतो. त्या वर्षी गावात तापाची साथ होती, ती हटावी म्हणून विधी ठरला होता, आणि आई अंथरुणाला खिळलेली. पांढरा डाग असलेला कुत्रा विधीला चालत नाही, म्हणून तू रोज सकाळी विड्याचा चुना कालवून त्याच्या तोंडाला फासायचास. गावची मंडळी आली, बघून परत गेली. सुटला म्हणून तू अंगणभर नाचलास. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा बारकचं तोंड काळं होतं, आणि बाबांनी दोरी त्यांच्या हातात दिली. संध्याकाळी तू बाबांना म्हणालास, 'चुना तुम्हीच पुसलात. आजपासून मला बाप नाही.' बाबा गप्प राहिले. मीही गप्प राहिले.

चुना मी पुसला, ब्ली. अकरा वर्षांची होते, आई मरेल म्हणून घाबरले होते. तू शाळेत गेल्यावर त्याला झऱ्यावर नेलं आणि नारळाच्या काथ्याने घासलं. तो माझा कोपर चाटत होता. मी ओल्या हातांनी परत येत होते तेव्हा बाबांनी मला पाहिलं, आणि मरेपर्यंत तुला सांगितलं नाही. आई महिन्याभरात उठून कामाला लागली. कशाने उठली, देव जाणे.

आता सुलात्रीच्या कुत्रीचं एक गावठी पिल्लू माझ्या मागे मागे येतं. गुडघ्याच्या वर जायचं नाही, केस आखूड, गोचीड बोटाला लगेच लागते, आणि पायात न येता डाव्या बाजूने चालतं. मला हेच हवंय. अंग तांबडं आहे एवढं कळतं. तोंडाचं विचारलं की सुलात्री म्हणते, 'आहे की, तोंडासारखं तोंड!' आर्यनी विषयच बदलते. पुढच्या पौर्णिमेला चौकात विधी आहे, त्याआधी मंडळी घरोघर कुत्री बघत फिरतील. या वेळी मी नाही म्हणणार आहे, पण ती दारात यायच्या आधी मला कळायला हवं. बाबांवरचा राग आता माझ्यावर काढ, हवं तर माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस. इथे सगळे माझं मन राखायला खोटं बोलतात. हे वाचल्यावर तुला माझं मन राखायचं काही कारण उरणार नाही, म्हणून तुलाच विचारतेय. ये, त्याचं तोंड बघ, आणि खरं काय ते मला सांग.

तुझीच,
लुह सुदियारी