उंटाचा क्रमांक भिंगरीला मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख, अधिवास विभाग,
दाखले कार्यालय, दुसरा मजला.

विषय : उंटाचे प्रकरण बंद करून त्याचा क्रमांक माझ्या विद्यार्थिनीस देणेबाबत.
संदर्भ : माझे दि. ५ चे दोन अर्ज व त्यानंतरच्या सहा खेपा.

महोदय,

१. मी चौथीला भूगोल शिकवते. जमीन, पाणी, हवा पाहून कोणता प्राणी कुठे राहतो, असा धडा आहे. त्या जागेला पुस्तकात 'अधिवास' म्हणतात. म्हणून साहित्य भांडाराकडे 'उंट व इतर प्राण्यांच्या अधिवासाचे तक्ते' मागितले. त्याच दिवशी, त्याच आवक खिडकीत, वर्गातल्या एका मुलीच्या अधिवास दाखल्याचाही अर्ज दिला. शब्द एकच, कागदांची अदलाबदल झाली.

२. आपल्या विभागाने उंटाकडे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, वडिलांचे नाव व दोन छायाचित्रे मागितली. मी चूक सांगितली, तर लिपिक म्हणाले, "बाई, प्रकरण एकदा चढलं की उतरवायला अर्जदारच लागतो." उंटाला दोन जिने चढवणे मला या वयात शक्य नाही.

३. मुलीच्या अर्जावर भांडाराने स्थलांतरित बदकांचा तक्ता धाडला आणि 'निकाली' असा शिक्का मारला.

४. मुलीचे वडील रस्त्याच्या कामावर आहेत. रस्ता सरकेल तसे बिऱ्हाड सरकते. वर्ग तिला भिंगरी म्हणतो. पायालाच आहे ती. तिच्या तिन्ही शाळा आपल्याच हद्दीतल्या आहेत. तरी दाखल्यावाचून तीस तारखेला तिचे नाव पटावरून जाईल. बदकांचा तक्ता भिंतीला तिनेच लावला. थंडीत इथे, उन्हाळ्यात तिकडे, असे बोट फिरवून वाचले आणि म्हणाली, "बाई, बदकाला दोन गावं चालतात, मग माझंच कुठं अडतं?" तीस वर्षे शिकवते आहे. मी फळा पुसत राहिले. फळा कोराच होता.

५. नव्या अर्जाचा क्रमांक दोनशेच्या पुढे लागतो. उंटाचा अकरावा आहे. तरी उंटाच्या वतीने मी माघार घेते. त्या जागी मुलीचे नाव लिहावे. उंटाला त्याची वाळू आहे, तिथून त्याला कोणी उठवत नाही. हिला खिडकीजवळचे अर्धे बाक आहे, तेवढे राहू द्यावे.

आपली, जिने चढून थकलेली तरी नम्र,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी
दि. २३

सोबत :
१. मुलीचे तीन शाळांचे दाखले.
२. उंटाची दोन छायाचित्रे (मागितली होती म्हणून).
३. बदकांचा तक्ता जोडलेला नाही. तो भिंतीवर आहे; कृपया परत मागू नये.