उरलेला माल घरी आणू नये

मी, खाली सही करणारी, मांस-मासळीच्या दुकानाची मालकीण, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहणारी विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. डाव्या पायाची बोटे मात्र ठिकाणावर नाहीत. मधुमेहापायी ती डॉक्टरीणबाईंनाच काढावी लागली. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणायला इथे सवड कोणाला आहे? मी आधी दुसरे मृत्युपत्र केल्याचे कोणी सांगितले तर ते माझे दीर असतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

कलम पहिले. वरच्या दोन्ही खोल्या, भांडीकुंडी आणि शिलाई मशीन सुनेला द्यावे. मुलाला नाही, तो रागाच्या भरात घर विकून मोकळा होईल. सुनेने माझ्या पायाची पट्टी रोज बदलली आणि कधी नाक मुरडले नाही. तिच्या डाळी मला अजून आवडत नाहीत, पण त्याचा या वाटणीशी संबंध नाही. बँकेतल्या शिलकीतून माझे शेवटचे कार्य साधेपणाने उरकावे आणि राहील ते तिलाच द्यावे.

कलम दुसरे. दुकानातला मासळीचा कोपरा, बर्फाची पेटी आणि तिथला तराजू दिरांना. हे मी प्रेमाने देत नाही, हक्काचे आहे म्हणून देते. माझे पती पाय गमावून गेले, तेव्हा दीर दारात उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, दादा माझ्यासारखा मासळीवर राहिला असता तर आज चालत असता." घरात प्रेत होते. हे मी विसरलेले नाही. पुढे त्यांच्याही रक्तात साखर निघाली. तेव्हा म्हणतात कसे, "मासळीनं नाही झालं. तुमच्याकडं जेवायला यायचो ना, त्यानं झालं."

वाद मिटावा म्हणून मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आजी, दोन भावांवरून काही ठरत नाही. रोज लाल मांस खाणाऱ्यांत मधुमेह जास्त दिसतो, त्यातही खारवलेलं, धुरी दिलेलं खाणाऱ्यांत. मोठमोठ्या पाहण्यांत तसं आढळलंय. त्यानंच होतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वजन, घराण्यातला आजार, हालचाल, सगळंच मोजावं लागतं. मासळीचं तर एकमतच नाही. कुठं थोडा फायदा दिसतो, कुठं काहीच नाही." दिरांना हे सांगितले तर त्यांनी फक्त "फायदा" एवढेच ऐकले.

कलम तिसरे. सुरे, लाकडी ठोकळा, धार लावायचा दगड, धुरीची खोली आणि दुकान मुलाला. यावर मी एक अट घातली होती. ती का घातली ते लिहिते.

आमच्या दुकानाची रीत सासऱ्यांनी घालून दिली. ताजे मांस गिऱ्हाईकाला आणि धुरी दिलेले, खारवलेले जे विकले जाणार नाही ते संध्याकाळी घरी. टाकणे म्हणजे पाप. मग सासऱ्यांना मधुमेह झाला आणि घरातून साखरेचा डबा हद्दपार झाला. चहा बिनसाखरेचा, गोडाला बंदी. पोट तर भरायला हवे, म्हणून धुरीच्या मांसाचे ताट मोठे झाले. ते गोड नाही, तेव्हा ते निर्धोक, असा आमचा हिशेब. साखर बाहेर काढली म्हणजे आजारही बाहेर गेला असे मानून हे घर जेवत राहिले. आधी सासरे गेले, मग पती, आता माझी बोटे.

मुलगा चाळिशी ओलांडलेला आहे, कंबर वडिलांची घेतली आहे. हल्ली ठोकळ्यापाशी उभ्या उभ्या तांब्याभर पाणी पितो आणि लगेच पुन्हा मागतो. त्याच्या वडिलांचे असेच सुरू झाले होते. तपासून घे म्हटले की म्हणतो, "चहात साखर घेत नाही मी. मला कशी होईल?" म्हणून मी लिहिले की, त्याने रक्त तपासून घ्यावे आणि उरलेला माल घरी आणू नये, तरच दुकान त्याचे. वकील म्हणाले, "बाई, तुमच्यामागे त्याच्या ताटात कोण डोकावणार?" मी म्हटले, तुम्ही लिहा.

मुलाने तो मसुदा वाचला.

"आई, हे काय? मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर कान धरून नेला असता."

"आणि नाही गेलो तर?"

"तर दुकान काकांना."

तो हसला. मग त्याने मसुद्याची घडी घातली.

"बाबांना शेवटी दिसत नव्हतं ना गं?"

"नव्हतं. तुझा आवाज आला की मान वळवायचे."

तो खाली दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडले. सुनेने सांगितले, ते रक्त तपासायला देऊन आले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण मला फार भीती वाटत होती.

रिपोर्टाप्रमाणे मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहे. डॉक्टरीणबाईंनी ताट बदलायला, चालायला सांगितले आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार आहेत. उरलेल्याचे करायचे काय, हे त्यानेच ठरवले. आता तो धुरीला मांसच कमी लावतो. सुनेच्या डाळी मुकाट्याने खातो.

सबब मसुद्यातल्या तिसऱ्या कलमातली अट मी स्वतः खोडली आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. दुकान त्याचे, बिनशर्त.

शेवटचे कलम. मी थकले आहे. सुया, पट्ट्या, पथ्य, सगळ्याचा वीट आला आहे. हा कागद पुरा झाला की डोळे मिटायला माझी काही हरकत नव्हती, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे. पण त्याचा दुसरा रिपोर्ट यायचा आहे. तो बघितल्याशिवाय मला जाता येणार नाही. तेव्हा आज संध्याकाळची सुई मी घेणार आहे, उद्याचीही घेईन. तोवर हा कागद कपाटात ठेवावा आणि कोणी घाई करू नये.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिल्या: दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरे: समोरचे बूट शिवणारे, ज्यांनी माझ्या अर्ध्या पावलाचा जोडा केला

स्थळ: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: साक्षीदारांनी आपापल्या सहीखाली घातला आहे तोच