पूजेतला पाना

दादा, तो नट खरोखर सैल होता का? इतक्या वर्षांनी तुमची लेक हे विचारते आहे, आणि उत्तर मला देता येत नाही. तुम्हाला विचारायचं तर तुम्ही नाही. आईला विचारलं तर ती एकच सांगते, "सैल न्हवताच तो. ह्यांच्या हातालाच खाज हुती." तेव्हा मी तिथेच, अड्ड्यावर, तुमच्या मोटारीपासून चार पावलांवर उभी होते. मी सगळं पाहिलं, फक्त जे पाहायला हवं होतं ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं.

तुम्ही सोलापूर-अक्कलकोट सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता. सकाळी उतारू बसण्याआधी छोटी हातोडी घेऊन तुम्ही मोटारीभोवती फेरी घालायचा. चाकाच्या प्रत्येक नटावर एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने हलकेच ठोकायचं. घट्ट नट खणखणीत वाजतो. सैल असला तर आवाज बसका येतो आणि बोटाखाली किंचित हालचाल होते. मग वाकून स्प्रिंगांचे पाटे बघायचे, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचं, टपावरच्या गाठोड्यांची दोरी ओढून बघायची. उतारू कंटाळायचे. "ओ तबलजी, झाला का तबला लावून? निघा की आता," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. तुम्ही खालूनच उत्तर द्यायचा, "गाणारं चाक हाय पावनं, बेसूर झालं की आदी तुमीच खाली पडचाल." डबा घेऊन मी आलेली असले तर माझं बोट नटावर ठेवून तुम्ही ठोकायचा. "कळलं?" "न्हाय." "मंग पुन्यांदा." मला पुष्कळदा काहीच कळत नसे, पण शेवटी मी हो म्हणायची, कारण बोटाला झिणझिण्या येत.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर टायर फुटलं आणि तुम्ही मागचं चाक बदललंत. बदललेलं चाक थोडं पळालं की नट पुन्हा आवळावे लागतात, नाहीतर ते आपोआप ढिले होत जातात. हे तुम्ही रात्री जेवताना आईला सांगत होता आणि ती तुम्हाला दशम्या पुरतील का ते विचारत होती. सकाळी आम्ही दोघी पूजा बघायला तुमच्याबरोबर आलो. मोटारीचे मालक तुमच्याही आधी अड्ड्यावर येऊन बसले होते. मोटार धुऊन तिच्या तोंडाला झेंडूची माळ घातली होती आणि पुढे पाटावर पाना, हातोडी, पेचकस, जॅक असं सगळं मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. नारळही फुटला होता. खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हलवायचं नाही, हे आपल्याकडे पोराठोरांनाही ठाऊक. पण सणासाठी गावी जाणारे उतारू मोटारीत दाटीने बसले होते आणि मालकांना मोटार सोडायची होती.

तुम्ही मागच्या चाकाशी बसलात. हातोडी पाटावर पूजेत होती म्हणून एकेका नटाला नुसती बोटं लावून पाहिलीत. मग उठून पाटाशी गेलात.

"ए, ए! काय करतोस?" मालक ओरडले. "पूजेत हाय ते."

"मोटारबी पूजेतच हाय की मालक. तिला हलवायचं चालतंय, तर पान्याला का न्हाय?"

"जास्त शिकवू नगंस. कालपत्तुर नीट चालली, आज काय झालं तिला?"

तुम्ही पुढे वाकलात. पाना उचललात. त्याच्यावरचं फूल घसरून पाटावर पडलं. तुम्ही चाकाशी बसून एक नट आवळलात आणि बाकीच्यांना पाना लावून पाहिलात. मालक तोपर्यंत तुमच्या डोक्यावर येऊन उभे होते. "सैल हुता ना? दाखव, कुटं सैल हाय ते."

"आता कसा दाखवू? आवळला की."

मोटारीतले लोक खदाखदा हसले. तुम्हीही हसलात. मालक हसले नाहीत, आणि माझ्याशेजारी उभी असलेली आई हसली नाही. मोटार अक्कलकोटला गेली आणि सुखरूप परत आली. दसऱ्याच्या दिवशी तुम्ही मालकांना सोनं द्यायला गेलात. त्यांनी आपट्याची पानं घेतली आणि तुम्हाला कामावरून काढलं. वर्षाच्या सणाला पूजा मोडणारा माणूस चाकावर नको, म्हणाले. दुसऱ्या कुणी मोटारवाल्याने तुम्हाला घेतलं नाही. मग तुम्ही बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणाऱ्या लोहाराकडे भात्यावर राहिलात, आणि मी इंग्रजी तिसरीत असताना तापाने गेलात.

ती मोटार पुढे बरीच वर्षं चालली. तिला कधी अपघात झाला नाही. आई हाच पुरावा मानते. कॉलेजात तर्कशास्त्र हा माझा विषय होता. जे घडलं नाही ते का घडलं नाही, हे सिद्ध करणं किती अवघड असतं ते पुण्याच्या वर्गात बसून शिकताना मला तुमच्या हातातला पाना दिसत होता. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीला ही हकिगत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझे वडील बरोबर असले तरी कुणाला कधी कळणारच नव्हतं." मला ते वाक्य आवडलं नव्हतं. आज त्यात काही चुकीचं दिसत नाही.

मी बी. ए. झाले. आपल्या घरात पहिलीच. आता सोलापुरातच मुलींच्या शाळेत शिकवते. नेमणूक तात्पुरती आहे, कायम करायची की नाही ते दिवाळीनंतर शाळा चालवणारी मंडळी ठरवणार. घर माझ्या पगारावर चालतं, आणि आई ते मला रोज या ना त्या शब्दांत सांगते. लांबच्या मुलींसाठी शाळेने एक मोटार भाड्याने ठरवली आहे. मुलींबरोबर तिच्यात बसून जायचं काम माझ्याकडे आहे. मोटार चालवणाऱ्या वयस्क गृहस्थांना सगळ्या मुली चाचा म्हणतात, मीही म्हणते. माझ्या सांगण्यावरून रोज सकाळी ते माझ्यासमोर चाकं ठोकून दाखवतात. सुरुवातीला विचारत, "बाई, तुमाला काय समजतंय त्यातलं?" मी नटावर बोट ठेवलं, तेव्हापासून विचारत नाहीत.

यंदा खंडेनवमीला शाळेत सरस्वतीपूजन होतं. आदल्या दिवशी चाचांनी मोटारीचं पुढचं चाक बदललं होतं. पूजन आटोपल्यावर मी मुलींना घेऊन बाहेर आले, तर मोटारीच्या मालकाने तेवढ्यात येऊन पूजा मांडली होती. माळ, पाट, पाटावर पाना आणि हातोडी, कुंकवाची बोटं. मालक प्रसाद ठेवून निघून गेले होते. मी चाचांना नटांचं विचारलं.

"बोटानं बघितलं, बाई. एक जरा शंका येतीय." ते पाटाकडे बघत म्हणाले, "पूजा तुमची, पाना माझा. पर मी उचलला तर मालक उद्या मला ठेवनार नाही. पाच तोंडं हैत घरात."

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, गावातल्या गावात तर जायचंय. आजचा दिवस जाऊ द्या. उगाच बोलणी कशाला?" त्या वाईट नाहीत. त्यांना माझी नेमणूक कायम व्हायला हवी आहे. मुली पाटीपुस्तकं छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांतली एक लहानगी विचारत होती, "बाई, खिडकीशी मी बसू?"

दादा, तुमच्या वेळी मालक होते, उतारू होते, आई होती, मी होते. पाना उचलायला तुमच्याखेरीज पुढे कुणी आलं नाही. मी लहान होते, त्याचं मला काही वाटून घ्यायचं नाही. एवढंच की त्या जागी नुसतं बघत उभं राहून काय दिसतं ते मला माहीत होतं.

मी पाटाशी गेले, हात जोडले, फूल बाजूला ठेवलं आणि पाना उचलून चाचांच्या हातात दिला. "पूजेतून मी काढलाय. तुम्ही नाही."

ते चाकाशी बसले. आवळून झाल्यावर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बाई, सांगू का, तो नट..."

"नको," मी म्हटलं. "मुली बसू द्या."

दसऱ्यानंतर शाळा उघडली तेव्हा मोटारीचे मालक आले होते. मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि मी जे घडलं ते सांगितलं. चाचा अजून चाकावर आहेत. माझं काय ते मंडळी दिवाळीनंतर ठरवतील. आईने ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "बापाची हाईस." ते कोणत्या अर्थाने म्हणाली ते मी विचारलं नाही.

चाचांनाही मी विचारलेलं नाही, आणि मोटारीत त्यांनी पुन्हा विषय काढला तेव्हा त्यांना थांबवलं. हा काही मोठा विचार नव्हता. तो नट घट्टच होता, असं ते म्हणाले असते तर पुढच्या खंडेनवमीला माझा हात पाटाकडे गेला नसता, ही भीती होती. म्हणून शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक वेगळा पाना विकत आणला. तो माझ्या टेबलाच्या खणात, खडूंच्या पेटीशेजारी ठेवला आहे. त्याला कुंकू लावायचं नाही, म्हणजे सणालाही तो हातात घेता येईल, असं मी ठरवलं होतं, आणि लावलेलं नाही.