सकाळची पातळी वैयक्तिक होती

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं फरशीला टेकवल्यावर पलंगाचा पाय न धरता उठता येतं का, हे काल खरोखर करून पाहिलं. आलं. तेव्हा हा नमस्कार नुसता कागदोपत्री समजू नये.) आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकं वेळेवर येतात का, आणि आली तर आपण त्यांचे कपडे वेळेवर देता का? इकडे आम्ही उभयता सुखरूप. लेक तिच्या नोकरीच्या गावी मजेत आहे, म्हणजे पंधरवड्यात तिचा फोन नाही. एवढा आदर पुरे. आता नेहमीसारखा अरे-तुरेवर येतो, नाहीतर 'आपण आपण' करता करता मूळ गोष्टच राहून जायची.

प्रकृतीचं मी उगीच विचारत नाही. गेलं वर्षभर फोनवर तुझं एकच उत्तर, "बरं आहे, वय झालं आता." दादा, तू सत्तावन्नचा आहेस. मी तुझ्याहून पाच वर्षांनी लहान, आणि मीही हेच म्हणत होतो. त्या एका वाक्यापायी माझा संसार कसा मोडायला आला होता ते तुला सांगायचं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावून बोलतोस, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता ऐकण्यासारखी नाही. शिवाय मोबाइलवरचा माझा विश्वास उडाला आहे. का, ते पुढे येईलच.

सुरुवात नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही, कारण ती झोपेत झाली. जेवण झालं की पंपघरातल्या खुर्चीत डोळा लागायचा, मग जेवणाआधीही लागायला लागला. टाकीच्या शिडीला चोवीस पायऱ्या आहेत आणि बावीस वर्षं मी त्या रोज चढतोय. गेल्या हिवाळ्यात मी तेराव्या पायरीवर थांबून देखावा बघू लागलो. (देखावा म्हणजे समोरच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर.) पोट पुढे आलं, दंड मागे गेले. दाढी तीन दिवसांनी केली तरी चालू लागलं, त्याचा तर मला आनंदच झाला होता. चिडचिड अशी की कुणी कडी जोरात वाजवली तरी दिवसभर अबोला. आणि एकदा टीव्हीवर पंख्याच्या जाहिरातीतला म्हातारा हसला, त्यावर मला रडू कोसळलं. ही शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, पंखा चांगला आहे.

बाकीचं तुला काय लिहू? तू मोठा भाऊ. दिवा मालवला की मी भिंतीकडे तोंड करायचो, एवढ्यावरून ओळख. असे सात-आठ महिने गेल्यावर हिने एक दिवस उशी उचलली आणि पुढच्या खोलीत झोपायला गेली. कारण सांगितलं माझं घोरणं. मी घोरतो हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून जगजाहीर आहे, पण मी नुसतं "बरं" म्हणालो. तेव्हापासून आम्ही एका घरात शेजाऱ्यांसारखे राहत होतो. ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हतो. ही अशीच कधीतरी मनानेही घराबाहेर पडेल, ही धास्ती मला होती, आणि धास्ती वाटली की मला आणखी झोप यायची.

डॉक्टरांकडे गेलो तो तेराव्या पायरीची तक्रार घेऊन. डॉक्टरीणबाई आपल्या लेकीच्या वयाची. तिने वजन केलं, रक्तदाब घेतला, झोपेचं विचारलं आणि मग कागदावरून डोळे न काढता म्हणाली, "काका, इच्छा होते का?" मी म्हटलं, होते तर, लेकीचं एकदा मार्गी लागावं आणि दादाने दुकानाला नवी पाटी करावी. ती म्हणाली, "तशी नाही." मग कशी, ते तिने समजावून सांगितलं, आणि माझे कान असे तापले की तिने रक्तदाब पुन्हा घेतला. तर दादा, पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन नावाचं एक संप्रेरक असतं. (जीभ वळायला मला तीन दिवस लागले. घरात आता आम्ही त्याला 'टेस्टोबा' म्हणतो.) ते कमी झालं की माझ्यासारखी गत होऊ शकते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं. तीनशेच्या वर असावं, माझं दोनशे छत्तीस निघालं. एका आकड्यावर ती बाई विसंबत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि बाकीच्या चार चाचण्याही. जाताना म्हणाली, रिपोर्ट आला की आकडा मला मेसेज करा. सगळं रामायण या वाक्याने घडवलं.

तुला माहीत आहे, टाकीचं पाणी पट्टीवर वाचायचं आणि भागातल्या सहाशे घरांच्या 'पाणी सूचना' गटावर टाकायचं, हे माझं रोजचं काम. 'पातळी चारशे दहा. पुरवठा नियमित.' हा मजकूर मी डोळे मिटून लिहितो. (कधीकधी खरोखरच मिटलेले असायचे.) त्या दिवशी सकाळी आठला माझ्या दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आला. मी आपला हाताला वळण पडलेल्या भाषेत लिहिलं: 'पातळी दोनशे चौदा. मागच्यापेक्षा खाली. घसरण बरीच जुनी असावी. पुढचा उपाय आपण सांगाल तसा.' आणि बोटाने बावीस वर्षांच्या नोकरीला जागून तो मजकूर जिथे रोज जातो तिथेच पाठवला. मी मोबाइल पंपघरातच ठेवला आणि चहा प्यायला गेलो.

चारशे दहाची टाकी एका दिवसात दोनशे चौदावर आली म्हटल्यावर लोकांनी काय करावं? बादल्या भरल्या, टब भरले, कुकर भरले, फुलदाण्यांतली फुलं काढून त्या भरल्या. केस कापणाऱ्याने गिऱ्हाइकाला तोंडावरच्या फेसासकट सोडून पिंप भरलं. 'घसरण बरीच जुनी असावी' या वाक्याने तर घातच केला. एका निवृत्त इंजिनिअरने तीन भागांत मेसेज लिहिला, की ही माहिती इतके दिवस दडवून का ठेवली. (प्रश्न अगदी योग्य होता, पण तो विचारायचा हक्क फक्त हिला होता.) मी परत आलो तेव्हा पंपघरातला फोन थरथरत होता, आणि टाकी माझ्या डोळ्यांदेखत खाली जात होती. दुपारी साडेबाराला पट्टीवर दोनशे अकरा होतं. टाकीपेक्षा मी तीनने बरा, एवढंच काय ते समाधान.

मोठे साहेब स्वतः आले. त्यांनी बिचाऱ्या मिस्त्रीला उभा केला, कारण टाकीतला तरंगणारा गोळा त्याने त्याच आठवड्यात बदलला होता. गोळ्याने चुकीची पातळी दाखवली, त्यावरून घबराट झाली, मिस्त्रीला मेमो, असं साहेबांनी ठरवून टाकलं. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मला गप्प बसता आलं असतं, दादा. खोटं सांगत नाही, पाचेक सेकंद मी बसलोही. मग म्हणालो, "साहेब, गोळा बरोबर आहे. दोनशे चौदा टाकीचं नव्हतं, माझं होतं." साहेब म्हणाले, "तुझं काय?" खोलीत आठ माणसं होती. त्या आठांसमोर मी ते नाव न अडखळता उच्चारलं. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले, ते जास्त वाईट. साहेबांनी दोन्ही मेमो खिशात ठेवले (माझाही मनात तयार झाला असणार), सहाशे घरांना खुलासा पाठव म्हणाले, आणि मला बाजूला व्हॉल्व्हच्या खोलीत घेऊन गेले. दार लोटून हळूच विचारलं, "तुझे डॉक्टर बसतात कुठे?"

खुलासा लिहायला मला तास लागला. शेवटी लिहिलं: 'सकाळची पातळी वैयक्तिक होती. टाकीचा तिच्याशी संबंध नाही. पाणी भरू नये.' पाठवल्यावर आठवलं, की त्या सहाशे घरांत आपलंही एक घर आहे.

संध्याकाळी दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नाही. पातेली, परात, डबे, माझा जेवणाचा डबासुद्धा, सगळं काठोकाठ भरलेलं, आणि मधोमध ही स्टुलावर बसलेली. तिने विचारलं, "वैयक्तिक म्हणजे काय?" मी चपलासुद्धा न काढता उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं, मी तुम्हाला आता आवडत नाही. वर्षभर आरशात बघत होते, नेमकं काय बिघडलंय ते." दादा, लाज मला वाटत होती आणि शिक्षा ती भोगत होती. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं हलकंही. नंतर आम्ही दोघांनी मिळून ते पाणी कुंड्यांना घातलं. कुंड्या चार, त्यामुळे माती बरीचशी खालच्या मजल्यावर गेली.

आता औषध. पुढच्या वेळी ही माझ्याबरोबर आली, प्रश्नांचा कागद घेऊन. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. बाहेरून पुरवठा सुरू झाला की शरीर आपला पंप बंद करतं, तेव्हा मनाला येईल तसं सुरू-बंद करायचं नाही. मूल हवं असणाऱ्याने हे घ्यायचं नाही. ("तुम्हाला हवंय का?" असं तिने विचारलं तेव्हा ही इतकी हसली की बाहेरचे पेशंट डोकावले.) रक्त दाट होऊ शकतं, प्रोस्टेटवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून ठरलेल्या महिन्यांनी पुन्हा तपासण्या. आणि चालणं, वजन, झोप हे सांभाळायचं ते सांभाळायचंच. मला टेस्टोबाचं जेल दिलं आहे. सकाळी अंघोळ झाली की खांद्यांना चोळायचं, सुकू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, वर सदरा घालायचा, आणि तिथे बायका-मुलांचा हात लागू द्यायचा नाही. म्हणजे बायको जवळ यावी म्हणून घ्यायचं औषध, आणि त्याची पहिली अट ही की बायकोने लांब राहावं!

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. मी रोज आरशात दंड बघायचो आणि ही विचारायची, बी पेरलंय का. पुढे एक दिवस पंधराव्या पायरीवर लक्षात आलं, की तेरावीवर आपण थांबलोच नाही. परवा लेकीशी फोनवर पाऊण तास बोललो, शेवटी तीच म्हणाली, बाबा, मला काम आहे. गेल्या रविवारी ही उशी काखेत घेऊन आतल्या खोलीत परत आली. घोरणं आहे तेवढंच आहे. मी काही पंचविशीचा झालो नाही, बावन्नचाच आहे, पण बावन्न हे इतकं वाईट वय नसतं असं दिसतंय.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, आणि त्या शिलाई मशीनलाही, तिने आपल्या दोघांना वाढवलं.

तुझा,
धाकटा

ता. क. — दमणारा प्रत्येक जण या आजाराचा नसतो, हे डॉक्टरीणबाई बजावून सांगते. आमचा मिस्त्री हौसेने तपासून आला, त्याचं पाचशे चाळीस निघालं. तो नुसताच आळशी आहे असं आता कागदावर सिद्ध झालंय, आणि त्याच्या बायकोने तो कागद जपून ठेवलाय.

ता. क. दुसरा — आपले अण्णा पन्नाशीनंतर अंगणाकडे पाठ करून बसायचे आणि आपण त्यांना 'रुसूबाई' म्हणून हसायचो, ते मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ती म्हणाली, गेलेल्या माणसाचं रक्त तपासता येत नाही, तो विषय सोडा. सोडला. पण आईला त्या वर्षांत काय वाटत असेल, हे आपण दोघांनी तिला एकदाही विचारलं नाही.

ता. क. तिसरा, आणि ज्याच्यासाठी एवढे कागद खर्ची घातले तो — परवा वहिनींचा हिला फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, एका माणसापुरती कॉट कुठे चांगली मिळते. कुणासाठी, ते हिने विचारलं नाही. तिला कळलं. कॉटवाल्याचा पत्ता आम्ही देणार नाही. सोमवारी पहिल्या बसने येतोय, सातला तुझ्या दारात असेन, दोघं मिळून रक्त द्यायला जाऊ. काही निघालं नाही तर मला खुशाल शिव्या दे. माझा नाश्ता वहिनींना करून ठेवायला सांग. तू मात्र काही खाऊ नकोस. पाणी चालेल.