पिक्चरातलं कोर्ट आणि आमची बंडी

४ फेब्रुवारी १९५५, आसेगाव
स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: तिफणी दोन, देव्हारा, सासऱ्यांची बाज, शाळेचा फळा (चारही कोन काटकोनात), आणि यंदाची दोन बैलांची बंडी. गुरू कोणी नाही. बंडी अख्खी एकाच बाभळीची. झाड दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचं होतं, म्हणून शेजारी उकंडरावनं माझ्यावर केस केली: झाड अर्धं माझं, रामरावनं न विचारता तोडलं. तोडताना कोणी पाहिलेलं नाही. माझा वकील म्हणतो, तुम्ही फक्त गप्प बसा. गप्प बसा सांगायला वकील कशाला पाहिजे?

११ फेब्रुवारी, कारंजा
वकिलाकडे आलो, तो गावाला गेलेला. तंबूच्या टॉकीजमध्ये कोर्टाचा पिक्चर पाहिला. आयुष्यातला पहिलाच. भिकार. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला सांधाच नाही, नुसते खिळे. माणूस टेकला की पिंजरा हलतो. भिंतीवरच्या घड्याळात खटला संपेपर्यंत सव्वादहा. वकील दावं तुटलेल्या गोऱ्ह्यासारखा कोर्टभर फिरतो. शेवटी एक कोट आणून जजसमोर टाकतो आणि निरपराध सुटतो. शेजारची बाई रडत होती. तिला पिंजऱ्याचे खिळे दाखवले. म्हणाली, भाऊ, पिक्चर पायता का सुतारकी करता?

१२ फेब्रुवारी
झोप नाही. पिक्चर भिकारच. पण कोर्टात वस्तू आणण्याचा पॉइंट बरोबर होता, त्या लोकांना तो नीट जमला नाही एवढंच. वकील बंद. केस स्वतः चालवणार, बंडी कोर्टात नेणार. बायको मनकर्णा म्हणाली, वकिलानं गप बसा म्हनलं तं तुमाले बोलाची कायची घाई? तिनं पिक्चर पाहिलेला नाही.

१९ फेब्रुवारी
गोठ्यात सराव. बैलांनी शांतपणे ऐकून घेतलं.
निश्चय: कोर्टात एकही फालतू शब्द नाही.

२६ फेब्रुवारी, रात्री
सुनावणी झाली. बंडी आवारात, खिडकीसमोर उभी केली. जजसाहेबांकडे पिक्चरातल्यासारखा हातोडा नव्हता. बोलत बोलत चार पावलं फिरलो, तर शिपायानं दंड धरून जागेवर आणलं. उकंडरावच्या वकिलानं खिडकीतून बंडी पाहिली आणि म्हणाला, ही तर बाजारातली दिसते, चार झाडांची जोडाजोड. हे ऐकून कोण गप्प बसेल? स्पष्ट सांगितलं: चाकाचा तुंबा, आरे, जू, सगळं एकाच बाभळीचं. धुऱ्यावरची, उकंडरावच्या विहिरीसमोरची. मी स्वतः, माझ्या कुऱ्हाडीनं पाडलेली. जजसाहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. वकील आणखी काही विचारायचं नाही म्हणून खालीच बसला. उकंडराव तोंडाला उपरणं लावून गदगदत होता. रडला असावा.
जिंकलो.

९ मार्च
निकाल. झाडाची अर्धी किंमत आणि कोर्टाचा खर्च माझ्यावर. घरात तेवढे पैसे नव्हते, बदल्यात उकंडरावनं बंडी नेली. नेताना चाकाला वंगण कमी घातलं, अडाणी माणूस. मनकर्णा म्हणाली, आता पिक्चर पायले पायी जा.

१० मार्च
एक गोष्ट लिहायची राहिली. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी उकंडराव आपण होऊन ओट्यावर आला होता. म्हणाला, रामराव, अशी बंडी तालुक्यात कोनापाशी नाई. मले बी एक करून द्या, केस वापस घेतो. लाकूड माझं. वर मजुरी देतो, साठ रुपये रोख.
मी नाही म्हटलं. सराव वाया गेला असता.