तूप एकशे पंचाहत्तर ग्रॅम

मी, सारजाबाई दत्तोबा खोमणे, वय बहात्तर, राहणार काटेवाडी, ता. बारामती, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. कुणी धाक घातलेला नाही, घालायची कुणाची हिंमतही नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, ते बरंच केलं.

१. घर, विहिरीवरची जमीन आणि कारखान्याचा शेअर मुलगा राजवर्धन याला. यात वाद नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

२. स्वयंपाकघराचं मात्र नीट वाचावं. माझ्या सासूबाई चंद्राबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, दिवाळीला नानखटाई करायच्या. मैदा मापट्यानं, तूप आणि पिठीसाखर एका जाड पितळी वाटीनं मोजायच्या आणि बारामतीच्या बेकरीतून भाजून आणायच्या. वाटण्या झाल्या तेव्हा मापटं माझ्याकडे आलं. वाटी थोरल्या जाऊबाई जयवंता इंदापूर तालुक्यात वरकुट्याला घेऊन गेल्या. मापटं कुठल्याही बाजारात मिळतं, तशी वाटी मिळत नाही. दर दिवाळीला मी वेगळी वाटी धरून बघितली. कधी नानखटाई पसरली, कधी दगड झाली. जाऊबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माप सांगून येत न्हाय सारजे, हातात असावं लागतं." हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. आत्याबाईंची चव माझ्या घरातून कायमची गेली, याचं मला फार वाईट वाटायचं.

३. ओव्हन सून निकिताला. तो नवा आला तेव्हा मोबाइलवरच्या कृतीत ३५० आकडा होता. आमच्या ओव्हनचं बटण २५० वर संपतं. मी ते शेवटपर्यंत फिरवलं. अख्खा ट्रे काळाठिक्कर, आणि नेमक्या जाऊबाई फराळाला दारात! "कोळसं पाडायची भट्टी घातली व्हय गं?" सगळे पोट धरून हसले. मग निकितानं उलगडा केला, ते आकडे फॅरनहाइटचे. बत्तीस वजा करायचे, पाचनं गुणायचं, नवानं भागायचं. १७७ येतात. आमचा ओव्हन माझ्यासारखा तापट आहे, तेव्हा १७० वरच ठेवावा.

४. वजनकाटाही निकिताला. त्याच्यावर मी लढाई जिंकले. जाऊबाईंची गाय व्याली. त्यांच्या नव्या सुनेनं, श्रेयानं, आम्हाला चीक पाठवला तो थेट त्या पितळी वाटीत! पोरीला काय ठाऊक. मी चीक ओतून घेतला, वाटी घासली, तूप भरून काट्यावर तोललं. एकशे पंचाहत्तर ग्रॅम. पिठीसाखर एकशे चाळीस. माझ्या मापट्यातला मैदा दोनशे साठ. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून वाटीत साखर भरून सकाळी वरकुट्याला पोचती केली. त्या दिवशी ट्रे बाहेर काढला तर नानखटाई वरून तडकलेली, आतून भुसभुशीत. मी ओट्यापाशी एकटीच नाचले.

५. ही मापं ओट्यामागच्या फरशांवर रंगानं लिहून घेतली आहेत. त्या फरशा कुणी काढू नयेत. जी विचारेल तिला माप सांगावं, हातचं राखू नये. सर्वांत आधी श्रेयाला सांगावं, कारण जाऊबाई तिलाही सांगत नाहीत. माझं मापटंही तिलाच द्यावं.

६. जयवंताबाईंना काही नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीला बोलावलं आहे. समोर नानखटाईची बशी ठेवली आहे.

वरचा शब्द न् शब्द माझा आहे. वाचून घेतला, पटला, सही केली.

सारजाबाई दत्तोबा खोमणे
काटेवाडी, दि. २७ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१. जयवंता म्हस्कू खोमणे, रा. वरकुटे, ता. इंदापूर
२. डॉ. अनिमेष गोखले, बारामती

ता. क. : सही करण्यापूर्वी साक्षीदार क्र. १ यांनी एक नानखटाई खाल्ली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आत्याबाईंचीच हाय. आणिक एक दे." सारजाबाईंच्या आग्रहावरून हे मृत्युपत्रात नोंदवलं आहे.
— डॉ. अ. गो.