सरकपट्टी

३ मार्च, सोमवार

रुजू झाले एकदाची! राहायला वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीत ऊन, खाली प्रयोगशाळा. इथे नखाएवढ्या मोटारी बनतात. त्यांत चाक नाही, दाते नाहीत. एक स्फटिक, त्याला जोडलेली दांडी आणि दांडीवर बसलेली सरकपट्टी, संपला संसार. वीज हळूहळू वाढवली की स्फटिक फुगतो, दांडी पुढे जाते आणि घर्षणामुळे पट्टीही मुकाट तिच्यासोबत जाते. मग वीज एकदम तोडायची. दांडी झटक्यात मागे येते, पट्टी मात्र जडत्वामुळे तिथेच राहते. केसाच्या जाडीहून कमी सरकते, पण सरकते. असं सारखं, चिर्र आवाज करत. साहेबांनी तासभर समजावलं आणि मी बावळट चेहऱ्याने माना डोलावल्या. मला हे ताईने कधीच शिकवलं होतं, जेवणाच्या टेबलावरचं कापड ओढून. बशी फुटली आणि मावशीने दोघींनाही झोडपलं.

ताई माझी मावसबहीण. आडनावं वेगळी, म्हणून इथे कुणाला पत्ता नाही. गेल्या वर्षी, इथे नोकरीला असताना, ती इथल्याच तळघरात गुदमरून गेली. मोटारी गार करायला तिथे नायट्रोजन सोडतात, तो खोलीतली हवा हुसकावून लावतो. हवा कमी झाली की बोंबलणारी एक पेटी भिंतीवर आहे. त्या दिवशी तिची तार काढलेली होती. साहेबांनी चौकशीत सांगून टाकलं, तार हिनेच काढली, निष्काळजी बाई. तेव्हापासून मावशी कुणाच्या दारात जात नाही. तिला शब्द देऊन आलेय, खरं काय ते साहेबांच्याच तोंडून वदवून घेईन आणि त्यांना नाक घासायला लावीन. आज मी फार खुशीत आहे.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांचं लोखंडी टेबल भिंतीकडे सरकतंय. खुर्चीत बसलं की त्यांचं पोट अडतं. त्यांनी सफाईवाल्या मामांना झापलं. मामा म्हणाले, "साहेब, हे टेबल हलवायचं तर आधी मला नवी कंबर आणून द्या." सगळे हसले. मी वाकून टेबलाला कान लावला. आत चिर्र. कसली मोटार नाही, वायर नाही, तरी चिर्र. मला मुळीच भीती वाटली नाही. हळूच म्हटलं, ताई, चालू दे. सोडू नकोस त्यांना.

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत साहेब टेबल आणि भिंतीच्या मध्ये चेपले गेले. मी धावले. धावले कसली, सावकाश चालत गेले. त्यांचं तोंड निळं पडलं होतं. हात देण्याआधी विचारलं, तार कुणी काढली? भडाभडा ओकले. पाहुणे यायचे होते, पेटी कटकट करत होती, त्यांनीच काढली, परत लावायची राहून गेली. टेबल थांबलं. मी ओढून काढलं त्यांना. वाटत होतं, काढू नये.

पाणी पोटात गेल्यावर त्यांची भाषा बदलली. ताईची जागा रिकामीच आहे म्हणे, विभागप्रमुखाची, कायमची. मावशीच्या अर्जामुळे चौकशी पुन्हा उघडली आहे. मी प्रमुख म्हणून पेटी तपासायची आणि लिहून द्यायचं, की तार ताईनेच सोडवलेली दिसते. विचार करा म्हणाले.

मी तिथल्या तिथे थुंकायला हवं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

सही केली.

ताई काय परत येणार आहे? मावशीला म्हातारपणी कोण बघणार? मीच ना? मग नोकरी नको? साहेबांचं टेबल आता शांत आहे. मावशीचा फोन वाजत होता. नाही उचलला.

१५ मार्च, शनिवार

माझा पलंग भिंतीला होता. आता दाराला टेकलाय. जमिनीवर ओरखडा नाही.

साहेब आज आलेच नाहीत. घरीही नाहीत म्हणे.

१६ मार्च, रविवार

पायाखाली चिर्र — चपला काढल्या, तरी तेच. उलट्या दिशेने चालून पाहिलं. पुढे जाताना काहीच कळत नाही. कळतो तो मागचा हिसका, आणि मी मात्र — जिना उतरले नाही मी. तरी जिन्याच्या खाली आहे. मामांना हाका मारल्या. सुट्टी. ताई, मी तुझीच गं, माझ्यावर का —

तळघर. दार लागलं. पांढरं धुकं गुडघ्यापर्यंत.

साहेब आहेत इथे. खुर्चीसकट. डोळे उघडे. किती वेळ झालाय त्यांना —

ती समोर आहे. रागावली की गप्प व्हायची, तशीच. चुकले, ताई. लोभ सुटला मला. लिहून देते, आत्ता —

मावशी, तार ताईने काढली नव्हती. साहेबांनी काढली. मला माहीत होतं. मी पैशा — जागेसाठी खोटं —

डोकं हलकं —

ताई मान हलवते. एवढ्याने नाही. बोट ठेवते कागदाच्या खाली. सही.

करते गं. बोटं वळत नाहीत — थांब — करते —

मावशी, हे सगळं खरं आहे. तुझी